दुर्गाबाई खोटे : पडद्यावरील पन्नास वर्षे

स्मरणिकेसाठी एखादा इतिहासविषयक लेख आम्ही द्यावा, असा आग्रह चिटणीसांनी धरला तेव्हा नेहमीप्रमाणे कुलदैवते, जुनी दप्तरे अथवा पूर्वजांचे स्थलांतर यांपैकी एखादा विषय निवडावा असा आमचा विचार होता. परंतु त्याच सुमारास शिष्यवृत्ती समितीच्या बैठकीत एक प्रसंग घडला आणि विषय आपोआप ठरला. एका सभासद कुटुंबातील मुलीने नाट्यशिक्षणासाठी साहाय्य मागणारा अर्ज केला होता. गुण उत्तम, घरची स्थिती बेताची, कागदपत्रे यथास्थित. तरीही एका वयोवृद्ध सभासदांनी, मुलीविषयी पूर्ण आपुलकी बाळगून, पृच्छा केली, "याला शिक्षण म्हणावयाचे की नाद?" क्षणभर कोणीच बोलले नाही. आम्हीही बोललो नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. घरी परतताना मात्र दुर्गाबाई खोटे यांचे स्मरण झाले. हाच प्रश्न समाजाने १९३१ साली एकदा विचारला होता, आणि त्याचे उत्तर एका बाईने पुढील पन्नास वर्षे दिले होते.

दुर्गाबाई कोणत्या ज्ञातीच्या, हा हिशेब आम्हांस येथे मांडावयाचा नाही. स्मरणिकांमधून थोर माणसांना 'आपली' म्हणण्याची घाई सर्वांनाच असते. तीच माणसे संकटात असताना ही घाई सहसा दिसत नाही. असो.

दुर्गाबाईंची कथा नीट कळावयाची तर काही वर्षे मागे गेले पाहिजे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. कुलीन घरांतील स्त्रिया येणे शक्यच नव्हते. ज्यांना समाजाने आधीच बहिष्कृत केले होते त्या स्त्रियांनीही नकार दिला. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके नावाचे तरुण गृहस्थ लुगडे नेसून तारामती झाले. पुढे 'लंकादहन' मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या! फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर' मध्ये कमलाबाई व त्यांच्या मातोश्री दुर्गाबाई कामत यांनी काम केले, म्हणून पडद्यावरील पहिली स्त्री होण्याचा मान त्यांचा. तो दुर्गाबाई खोटे यांना देण्याची चूक काही लेखक करतात, ती आपण करू नये. पण त्या मायलेकी नाटकमंडळीतील होत्या. पांढरपेशा गृहस्थाची लेक आणि सून, शिकलेली, दोन मुलांची आई, अशी स्त्री चित्रपटात जाणे ही गोष्ट निराळी होती.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेरचे नाव विठा लाड. वडील पांडुरंगराव लाड हे मुंबईतील नावाजलेले सॉलिसिटर. घराणे मूळचे गोव्याकडील, घरात कोकणी बोलली जाई, आणि गिरगावातील कांदेवाडीच्या वाड्यात मोठ्या एकत्र कुटुंबाचा गोतावळा नांदत असे. मुलीचे शिक्षण मात्र कॅथेड्रल शाळेत आणि नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालयात इंग्रजी वळणाने झाले. घरी कोकणी, बाहेर मराठी, शाळेत इंग्रजी, अशी तीन भाषांची सवय लहानपणीच जिभेला लागली. तिचा उपयोग कोठे होणार आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नसेल. कॉलेजात असतानाच त्यांचा विवाह खोटे घराण्यातील श्री. विश्वनाथ यांच्याशी झाला. सासर सधन होते. पुढे मात्र ती आर्थिक घडी विसकटली, आणि बकुल व हरीन या दोन लहान मुलांच्या आईला स्वतः काही मिळविणे भाग पडले. त्या काळी शिकलेल्या स्त्रीस मोकळे असलेले मार्ग दोन-तीनच, आणि त्यांतून मिळणारे द्रव्य किती असे हे वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

अशा वेळी मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रपटातील एक अगदी लहानशी भूमिका त्यांच्याकडे चालून आली. साल १९३१. चित्रपट बहुतांशी मूकच. त्याला बोलका भाग जोडावयाचा होता. काम थोडे, पैशाची नड मोठी, आणि एकंदर चित्र कसे आहे हे विचारण्याचा अनुभव नाही. दुर्गाबाईंनी होकार दिला. चित्रपट सुमार निघाला. तेवढ्यावर भागले असते, परंतु जाहिरात करणाऱ्यांनी अमुक प्रसिद्ध सॉलिसिटरची कन्या आणि अमुक प्रसिद्ध घराण्याची सून पडद्यावर येत असल्याचा डांगोरा पिटला. म्हणजे विकावयास काढली ती बाईंची कला नव्हे, दोन घराण्यांची अब्रू! मग जे व्हावयाचे तेच झाले. गिरगावात चर्चेला ऊत आला, दोन्ही घरांना मान खाली घालावी लागली, आणि दोष सर्वस्वी त्या एकटीच्या माथी आला. आमच्या आजी त्या वेळी गिरगावातच नव्या सूनबाई म्हणून आल्या होत्या. "नळावर दुसरा विषय नव्हता," असे त्या सांगत. पुढे हलक्या आवाजात "आम्हीही बोललो असू," असेही म्हणत.

येथे इतिहासाचा एक योगायोग ध्यानात घेतला पाहिजे. त्याच १९३१ साली 'आलम आरा' प्रदर्शित होऊन चित्रपट बोलू लागला होता. मूकपटांच्या काळात पडद्यावर गाजलेल्या कित्येक नट्या अँग्लो-इंडियन वा यहुदी कुटुंबांतील होत्या. रूप होते, हालचालीत सफाई होती, पण हिंदी अथवा मराठी वाक्य शुद्ध उच्चारणे त्यांतील अनेकींना कठीण होते. 'सुलोचना' या नावाने प्रसिद्ध असलेल्या रूबी मायर्स यांच्यासारख्या अग्रगण्य नटीलाही भाषेचे धडे घ्यावे लागले. एकाएकी स्वच्छ वाणीच्या, लिहिता-वाचता येणाऱ्या, थोडे गाऊ शकणाऱ्या स्त्रियांची निकड निर्माण झाली. समाज ज्या दारावर कुलूप घालून बसला होता ते दार ध्वनियंत्राने आतून उघडले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचे शांतारामबापू त्या वेळी आपला पहिला बोलपट योजीत होते. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच. तारामतीसाठी त्यांनी विचारले ते 'फरेबी जाल' मधील त्या बदनाम झालेल्या बाईंना. एकदा पोळलेल्या दुर्गाबाईंनी पुन्हा होकार देणे यात केवळ गरज होती असे आम्हांस वाटत नाही. ज्या ठिकाणी नाव गेले त्याच ठिकाणी ते परत मिळवावयाचे, ही ईर्षा त्यामागे असली पाहिजे.

'अयोध्येचा राजा' १९३२ साली प्रदर्शित झाला. मराठी बोलपटांच्या अगदी आरंभीचा हा बोलपट असून सुदैवाने तो आजही पाहावयास मिळतो. मराठीप्रमाणेच हिंदीतही तो त्याच वेळी तयार झाला. म्हणजे नटांना दोन भाषांतून तीच भूमिका दोनदा वठवावी लागली. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचेच. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. ज्याने अभिनय करावयाचा त्यानेच, तेथेच, त्या क्षणी गावयाचे. वादकांनी कॅमेऱ्याच्या दृष्टीआड बसावयाचे. आणि कोणाचीही चूक झाली की सारे प्रथमपासून. रंगभूमीची तालीम न मिळालेल्या स्त्रीने हे केले, ही गोष्ट आज सहज वाटते ती आपणांस त्या कष्टांची कल्पना नसल्यामुळे. दुर्गाबाई उंच, बांधा भरदार, चेहरा रेखीव. पण त्या तारामतीचे खरे सामर्थ्य तिच्या उभे राहण्यात आहे. राणीपण गेले तरी मान झुकत नाही. आजच्या प्रेक्षकाला त्यातील संवादांची लय संथ वाटेल, गाणी लांबलेली वाटतील. तारामती मात्र जुनी वाटत नाही.

आमच्या आजींना सिनेमास जाण्याची परवानगी नव्हती. हरिश्चंद्राची कथा, म्हणून 'अयोध्येचा राजा' पाहण्यास घरातील साऱ्या बायकांना एकदम नेण्यात आले. नळावरची भाषा त्यानंतर बदलली. नाव तेच, बाई तीच. केवळ लुगडे राणीचे आणि कथा पुराणातील एवढाच काय तो फरक! समाजाच्या निवाड्याची किंमत किती, हे यावरून ज्याचे त्याने ताडावे.

एखादी सामान्य नटी या यशानंतर जन्मभर तारामतीच करीत राहिली असती. दुर्गाबाईंचे वेगळेपण येथूनच दिसू लागते. त्याच वर्षीच्या 'माया मच्छिंद्र' मध्ये त्या स्त्रीराज्याची मानी राणी झाल्या. शेजारी जिवंत चित्ता घेऊन त्या पडद्यावर वावरल्या. नंतर त्यांनी थेट कलकत्ता गाठले. न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा' (१९३३) मध्ये मीरा आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता' (१९३४) मध्ये सीता, या दोन्ही भूमिका देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी केल्या, आणि दोन्हींमध्ये त्यांच्यासमवेत तरुण पृथ्वीराज कपूर होते. 'सीता' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. मुंबईच्या वाड्यात वाढलेल्या मराठी स्त्रीने कलकत्त्यास जाऊन हिंदीतून मीरा साकारावी, याचे कौतुक त्या वेळी व्हावे तेवढे झाले नाही.

या प्रवासामागे एक व्यावहारिक धैर्यही होते. त्या काळी नट-नट्या कंपनीच्या मासिक पगारावर असत. कंपनी सांगेल ते काम, कंपनी ठरवील ती वेळ. प्रभातशी इतका जिव्हाळा असूनही दुर्गाबाईंनी स्वतःस एका कंपनीस बांधून घेतले नाही. चित्रागणिक करार करून मनास येईल तेथे काम करणाऱ्या आरंभीच्या कलावंतांत त्यांची गणना होते. दोन मुलांचा भार शिरावर असताना बांधील पगार नाकारणे म्हणजे काय, हे नोकरदार वाचक जाणतातच. पुढे 'साथी' या चित्रपटाच्या निमित्ताने त्या निर्मितीतही उतरल्या. स्त्रीने भांडवल उभारून चित्रपट काढावा हे तेव्हा नवलच होते.

१९३६ साली त्या पुन्हा प्रभातमध्ये आल्या त्या 'अमर ज्योती' साठी. यातील सौदामिनी पोटच्या मुलावरील आईचा हक्क राज्यसत्तेने नाकारल्यामुळे बंड करून उठते आणि समुद्रावरील चाच्यांची नायिका बनते. हाती शस्त्र घेतलेली, पुरुषांना आज्ञा करणारी आणि तरीही मनाने आई असलेली ही स्त्री शांतारामबापूंनी पडद्यावर आणली, हे त्यांचे श्रेय. पण ती खरी वाटावी हे दुर्गाबाईंचे. हाही चित्रपट व्हेनिसपर्यंत पोचला. आम्हांस विचाराल तर त्यांच्या तरुणपणातील सर्वांत धाडसी भूमिका हीच. तारामतीने गेलेली अब्रू परत आणली; सौदामिनीने अब्रू म्हणजे काय, हेच विचारले.

परंतु त्यांच्या दीर्घ कारकीर्दीचे मर्म आम्हांस दिसते ते पुढील पाच-सात वर्षांत. वयाची पस्तिशी उलटली की नायिकेचे दिवस संपत, आणि नट्या एक तर घरी बसत किंवा वय चोरून हास्यास्पद होत. दुर्गाबाईंनी दोन्ही केले नाही. आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी' (१९४१) मध्ये त्या सुनेला छळणारी सासू झाल्या. सून झाल्या वनमाला. पुढल्याच वर्षी विजय भट्ट यांच्या 'भरत भेट' मध्ये त्यांनी कैकेयी केली; सीता होत्या शोभना समर्थ. ज्या बाईंनी आठ वर्षांपूर्वी स्वतः सीता केली होती, जिच्या नावावरील डाग तारामतीच्या पुण्याईने धुतला गेला होता, तिने घरोघरच्या स्त्रियांनी बोटे मोडावीत अशा भूमिका आपण होऊन पत्कराव्या! मिळविलेली प्रतिष्ठा पेटीत जपून ठेवण्यासाठी नाही, अभिनयासाठी खर्च करावयाची आहे, ही जाण त्यांना होती. या दोन्ही भूमिकांबद्दल बंगालच्या चित्रपट-पत्रकारांच्या संस्थेने त्यांना गौरविले. १९४३ साली सोहराब मोदी यांच्या 'पृथ्वी वल्लभ' मध्ये त्यांची मृणालवती आली. कठोर, गर्विष्ठ, बंदिवान राजाचा मानभंग करू पाहणारी आणि अखेर स्वतःच्याच मनापुढे हरणारी ही राजस्त्री त्यांनी मोदींच्या धीरगंभीर आवाजासमोर उभी केली, आणि दोघांपैकी कोणीही मागे हटले नाही.

एव्हाना त्यांनी उघडलेल्या वाटेने इतरही शिकलेल्या मराठी स्त्रिया येऊ लागल्या होत्या. लीला चिटणीस यांच्या पदवीचा तर जाहिरातींत अभिमानाने उल्लेख होई. १९३१ मध्ये जी घराण्याची लाज होती ती सात-आठ वर्षांत जाहिरातीची शोभा झाली.

रंगभूमीविषयी लिहावयाचे तर स्वतंत्र लेखच हवा. मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'भाऊबंदकी' मधील त्यांची आनंदीबाई आणि शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' वरून वि. वा. शिरवाडकरांनी रचलेल्या 'राजमुकुट' मधील राणी, या भूमिकांची आठवण जुने नाट्यरसिक अजून काढतात. दोन्हीकडे समोर नानासाहेब फाटक. चित्रपटात नाव झाल्यावर नाटकात यावयाचे म्हणजे पुनश्च हरि ओम्; तेथे कॅमेरा साह्यास येत नाही, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना लाभला. पुढे मराठी प्रायोगिक रंगभूमीस वळण लावणाऱ्या विजयाबाई मेहता या काही काळ त्यांच्या स्नुषा होत्या, हेही अनेकांस ठाऊक असेल.

१९६० साली 'मुघल-ए-आझम' आला. के. आसिफ यांच्या त्या भव्य चित्रात दुर्गाबाई महाराणी जोधाबाई आहेत आणि बादशहा अकबर पृथ्वीराज कपूर. सव्वीस वर्षांपूर्वीचे राम आणि सीता! मधुबालाच्या सौंदर्यापुढे आणि पृथ्वीराजांच्या गर्जनेपुढे जोधाबाईच्या वाट्याला तसे थोडेच आले आहे. एकीकडे पती, दुसरीकडे पुत्र, आणि दोहोंच्या मध्ये बोलण्याचीही मुभा नसलेली राणी. आवाज न चढविता, केवळ डोळ्यांनी आणि चालण्याच्या गतीने त्यांनी ती कोंडी दाखविली आहे. उर्दूचे वजन सांभाळणारी त्यांची वाणी ऐकून, ही बाई कांदेवाडीची आहे हे परक्यास सांगूनही पटू नये.

त्यानंतरची वीस वर्षे आई, मावशी, आजी यांची. हिंदी चित्रपटातील आई म्हणजे बहुधा शिवणयंत्र, खोकला आणि अश्रू. या साच्यात अनेक गुणी नट्यांचे नुकसान झाले. दुर्गाबाईंनाही तो साचा सर्वस्वी चुकविता आला असे नाही. काही कामे त्यांनी केवळ व्यवसाय म्हणून केली हे उघड दिसते, आणि सुमारे दोनशे चित्रपटांचा संसार करणाऱ्यास ते चुकतही नाही. परंतु हृषीकेश मुखर्जी यांच्यासारखा दिग्दर्शक भेटला की त्यांच्या म्हातारपणाला निराळे तेज चढे. 'अनुपमा' मधील कथानायकाची साधी, समजूतदार आई, 'बावर्ची' मधील भांडकुदळ एकत्र कुटुंबातील थोरल्या सूनबाई, 'अभिमान' मधील मावशी, ही माणसे आपल्या नात्यांतील वाटतात. १९७३ च्या 'बॉबी' मध्ये त्या मिसेस ब्रगांझा झाल्या. गोव्याकडील मूळ असलेल्या बाईंनी ख्रिस्ती आजी केली आणि घरात ऐकलेली ती सारी ढब कामी आली असावी. दिग्दर्शक होते राज कपूर. पृथ्वीराजांसमवेत दुर्गाबाईंनी सीता केली तेव्हा हे राज नऊ वर्षांचे होते! पुढील वर्षीच्या 'बिदाई' साठी सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा वय एकोणसत्तर-सत्तर. १९८० च्या 'कर्ज' मध्ये मेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई त्यांनी केली. नव्या पिढीस त्या ठाऊक आहेत त्या बहुधा याच भूमिकेमुळे.

अभिनयाबरोबर व्यवसायाचाही त्यांनी विस्तार केला. १९५२ पासून माहितीपट व जाहिरातपटांची निर्मिती सुरू केली, आणि त्यांच्याच संस्थेने १९८८ साली दूरदर्शनसाठी आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवरील 'वागळे की दुनिया' ही मालिका निर्माण केली. मध्यमवर्गीय वागळ्यांचे ते घर घरोघरी पाहिले जात होते तेव्हा दुर्गाबाई त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या.

१९६८ साली पद्मश्री, आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती त्यांच्या नावाचा सन्मान पडद्यावरील या तारामतीस सत्तर वर्षांनी मिळाला. 'मी दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र, शान्ता गोखले यांनी त्याचे इंग्रजी भाषांतरही केले आहे. मंडळाच्या वाचनालयात ते नसेल तर अवश्य घ्यावे. 'फरेबी जाल' चा तो काळ त्यांनी त्यात स्वतःची बाजू न सावरता सांगितला आहे. पोटच्या मुलाच्या अकाली निधनाचे दुःखही त्यांना भोगावे लागले. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे देहावसान झाले. भारतीय चित्रपटास शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, २०१३ साली, डाकखात्याने काढलेल्या तिकिटांत त्यांची प्रतिमा आहे.

त्या मुलीचा अर्ज अद्याप समितीपुढे आहे. पुढील बैठकीत तो विचारार्थ येईल. ज्या वयोवृद्ध सभासदांनी ती पृच्छा केली त्यांना आम्ही बैठकीच्या आदल्या रविवारी घरी येण्याची विनंती केली आहे. 'अयोध्येचा राजा' लावणार आहोत, असे सांगितले. लहानपणी वडिलांबरोबर तो पाहिल्याचे त्यांना आठवते. तारामती कोणी केली होती ते मात्र आठवत नाही, म्हणाले. येतो म्हणाले आहेत.